आलास की आलीस?

‘तू आलास का?’, ‘तू आलीस का?’ आणि ‘तुम्ही आलात का?’ या तीन प्रश्नांत दारात कोण उभं आहे हे मराठी माणसाला न बघता कळतं. मेघालयातल्या खासी भाषेतही हा भेद इतकाच नेमका आहे, फक्त तो क्रियापदात न दिसता सर्वनामात दिसतो. पुरुषाला ‘मे’, बाईला ‘फा’, मान द्यायचा असेल किंवा अनेकजण असतील तर ‘फी’. मराठी आर्यकुळातली, खासी ख्मेर आणि व्हिएतनामीच्या गोतावळ्यातली. तरी या एका जागी दोघींची चटकन ओळख पटते. आज मात्र मराठी वाक्य यंत्राकरवी खासीत न्यायचं तर ते बहुधा इंग्रजीच्या पुलावरून जातं. तिथे ‘यू’ एकच. आलास, आलीस, आलात सगळं त्यात विरघळतं आणि पलीकडच्या काठावर यंत्र अंदाजानं एक सर्वनाम उचलतं.

थेट वाट नाही, कारण वाक्यांच्या जोड्या नाहीत. अनुवाद करणारं यंत्र व्याकरणाचं पुस्तक वाचत नाही. एकाच आशयाची दोन भाषांतली वाक्यं त्याच्यापुढे लाखोंनी ठेवली जातात आणि कशासमोर काय येतं हे ते त्यातून बसवत जातं. मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत या गटानं २०२३ साली इंडिकट्रान्स२ हे अनुवादाचं यंत्र तयार केलं, तेव्हा जमवलेल्या जोड्या सुमारे २३ कोटी होत्या. त्या यंत्रात एक सुंदर युक्ती आहे: बहुतेक भारतीय लिप्यांतला मजकूर आधी देवनागरीत फिरवून घेतात, म्हणजे भाषाभाषांतले सामाईक शब्द यंत्राला एकसारखे दिसतात. आपली लिपी त्याच्या पोटात अशी राबते आहे.

पण हे यंत्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी आहे. २०११च्या जनगणनेत बोडो बोलणारे सुमारे १४ लाख ८३ हजार, खासी बोलणारे १४ लाख ३१ हजार. बोडो २००३च्या घटनादुरुस्तीनं अनुसूचीत आली. खासी, गारो, मिझो बाहेरच राहिल्या. माणसं जवळपास तेवढीच, आणि एकीसाठी अनुवादक बसवून वाक्यं लिहून घेतली जातात, दुसरीसाठी नाही. मला हा मोठा अन्याय वाटतो.

मग खासीकडे आहे काय? मुख्यतः बायबल. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या ज्या छापखान्याचा विल्यम केरी आपल्याला १८०५च्या मराठी व्याकरणामुळे माहीत आहे, तिथूनच १८३१ साली खासी नवा करार बंगाली लिपीत निघाला. ती लिपी रुजली नाही. १८४१ साली वेल्समधून आलेला मिशनरी थॉमस जोन्स सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलातल्या चेरापुंजीला पोचला आणि त्यानं खासी रोमन लिपीत, वेल्श वळणानं लिहिली. संपूर्ण बायबल १८९१ साली आलं. त्या अनुवादकांच्या कष्टांवरच आजचं यंत्र उभं आहे. मात्र नुसत्या धर्मग्रंथावर वाढलेल्या यंत्राला मेंढपाळ आणि संदेष्टे ठाऊक असतात. दवाखान्यातला केसपेपर, रेशनची रांग, बसचं सुटणं त्याच्या कानावरून गेलेलं नसतं.

त्यात लेखनाची अडचण. घराला खासीत ‘यिंग’ म्हणतात. लिहिताना त्यातल्या पहिल्या ‘आय’ अक्षरावर दोन टिंबं हवीत. साध्या कीबोर्डवर ती सहज मिळत नाहीत, म्हणून माणसं टिंबांशिवाय लिहितात. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. यंत्राला मात्र ती दोन वेगळी घरं वाटतात. आधीच थोडका साठा, तोही असा विभागला जातो. शिवाय प्रत्येक नामाला लिंग आहे आणि ते क्रियापदाआधी पुन्हा उच्चारावं लागतं. मुलगा भात खातो: ‘ऊ खिन्नाह ऊ बाम जा’. मुलगी खाते: ‘का खिन्नाह का बाम जा’. सूर्य तिथे ‘का’, म्हणजे स्त्री, आणि चंद्र ‘ऊ’. हे सगळं इंग्रजीतून कळणार कसं?

काम सुरू झालं आहे. २०२३च्या आंतरराष्ट्रीय यंत्रानुवाद परिषदेत आसामी, मणिपुरी, मिझो आणि खासीसाठी खास स्पर्धा ठेवली गेली. सिल्चरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांचा त्यात मोठा वाटा होता. गूगलच्या अनुवादकात मिझो आणि मणिपुरी २०२२ साली आल्या, खासी जून २०२४मध्ये. पण दोन्ही ठिकाणी जोडीची भाषा प्रामुख्यानं इंग्रजीच.

एआयफॉरभारतनं चाचणीसाठी रोजच्या संभाषणातली १,५०३ वाक्यं २२ भाषांत करून सर्वांना खुली ठेवली आहेत. मराठीत ती आहेत, बोडोत आहेत. हीच वाक्यं खासी लेखकांकडून, योग्य मानधन देऊन, खासीत लिहून घेतली तर मराठी-खासीची मोजपट्टी तयार होईल. आणि ती बोलण्यातली वाक्यं असल्यामुळे समोर कोण उभं आहे ते ओळखून प्रत्येक ‘तू’पाशी लिहिणाऱ्याला ठरवावं लागेल: मे, फा की फी.