फवारणीतील विषबाधा : दोष एकट्या मजुराचा नव्हे

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारणाऱ्या वीसहून अधिक शेतकऱ्यांना व शेतमजुरांना प्राणास मुकावे लागले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कित्येकांच्या डोळ्यांस इजा झाली. अशी दुर्घटना घडली की चूक कोणाची, हा प्रश्न प्रथम विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : मजुराने तोंडास फडके बांधले नव्हते, हातमोजे घातले नव्हते, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारा मारला. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु चौकशी तेथेच थांबली तर पुढील हंगामात तोच प्रसंग दुसऱ्या मजुरावर ओढवतो.

कारखान्यांतील अपघातांच्या अभ्यासातही प्रारंभी हीच दृष्टी होती. अमेरिकेतील हाइनरिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शंभरापैकी ८८ अपघातांचे कारण कामगाराची असुरक्षित कृती हे दिले होते. हा निष्कर्ष विम्याच्या व कारखान्यांच्या दप्तरांवरून काढलेला होता. आणि अहवाल लिहिणारा मुकादमच असेल तर दोष मुकादमाकडे क्वचितच जाणार, हे उघड आहे. पुढे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास निराळा विचार मांडला. संरक्षणाचे अनेक पडदे एकामागे एक असतात, प्रत्येकास कोठे ना कोठे भोक असते, आणि ही भोके एका रेषेत आली म्हणजे अपघात होतो. डेन्मार्कचे रासमुसेन यांनी १९९७ साली त्यात भर घातली : खर्च व वेळ वाचविण्याच्या दडपणाखाली प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाची वाटणारी लहानशी तडजोड करतो, आणि सर्व मिळून नकळत धोक्याच्या कडेशी येऊन पोहोचतात.

कपाशीच्या शेतात या दृष्टीने पाहिल्यास साखळी फार मागे जाते. बीटी कपाशीस २००२ मध्ये परवानगी मिळाली व २००६ पासून दोन प्रथिनांचे वाण आले. त्यांच्याभोवती बिगर बीटी कपाशीच्या आश्रय ओळी लावावयाच्या होत्या. त्या बहुतेकांनी लावल्या नाहीत, कारण तेवढी जागा वाया गेली असे वाटे. पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड ठेवली. गुलाबी बोंडअळीस वर्षभर अन्न मिळाले व तिच्या अंगी त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती आली. अळी मरेना, रसशोषक किडीही हटेनात, म्हणून फवारण्या वाढल्या. एका कीटकनाशकाने भागत नाही म्हणून दोन-तीन एकत्र मिसळण्याची प्रथा पडली. सल्ला देणारा बहुधा विक्रेताच होता. उधारीही त्याच्याकडेच होती.

त्या वर्षी पऱ्हाटी पुष्कळ ठिकाणी पुरुषभर उंच वाढली होती. फवारा कमरेखाली न पडता तोंडासमोर पडू लागला. बॅटरीवरील पंपाने काम झपाट्याने होते, परंतु बारीक तुषार हवेत अधिक काळ तरंगतात. मजुरी पंपाच्या हिशोबाने मिळत असल्यास मजूर विश्रांती घेत नाही. उकाड्यात मुखवटा सहन होत नाही. गळक्या पंपाने पाठीवरील सदरा भिजतो व विष कातडीवाटे अंगात मुरते. केवळ नाकाला फडके बांधून ते कसे टळावे? त्यातच विषाला ‘औषध’ म्हणण्याची रूढ रीत धोका झाकून टाकते.

सारांश, मुखवटा हा शेवटचा पडदा होय. त्याच्या आधीचे पडदे शेतमालकाच्या हाती आहेत, आणि पहिला म्हणजे अनावश्यक फवारणी टाळणे. त्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडल्यास किंवा १० टक्के फुले वा हिरवी बोंडे किडलेली आढळल्यासच फवारणीचा विचार करावा. डोमकळ्या दिसताच वेचून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर पीक काढून टाकावे. हे उपाय कीड-नियंत्रणाचे म्हणून सांगितले जातात. वस्तुतः मजुराच्या जिवाचे रक्षणही त्यांतच आहे, कारण जो फवारा मारलाच नाही त्याची बाधा होत नाही.

फवारणी अटळ असेल तर डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहावा. तांबडा सर्वांत विषारी. नंतर पिवळा, निळा व हिरवा असा क्रम असतो. शक्य तेथे हिरव्या किंवा निळ्या खुणेचेच द्रव्य घ्यावे. मजुरी पंपावर न देता दिवसावर द्यावी, दुपारचे काम बंद ठेवावे, आणि गळका पंप दुरुस्त होईपर्यंत कोणाच्याही पाठीवर देऊ नये.

मळमळ, अंधुक दिसणे, लाळ सुटणे, दम लागणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे व रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. बरोबर डबा किंवा त्यावरील चिठ्ठी न्यावी. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषावर ॲट्रोपीन उपयोगी पडते, परंतु सर्व कीटकनाशकांवर असा उतारा नाही. आणि पंपात तीन द्रव्ये एकत्र केलेली असतील तर तिन्ही डबे डॉक्टरांपुढे ठेवावेत.