साक्षीदाराचा शब्द कोण टिपतो?

न्यायालयात शिरणाऱ्या सामान्य माणसाचे लक्ष प्रथम न्यायासनाकडे जाते, मग वकिलांच्या काळ्या झग्यांकडे आणि शेवटी आरोपीकडे. न्यायासनापाशी मान खाली घालून बसलेल्या लघुलेखकाकडे सहसा कोणाची नजर वळत नाही. खटला गाजला तर न्यायाधीशांचे नाव होते, वकिलांची कीर्ती वाढते. लघुलेखक होता तेथेच राहतो. तथापि अपिलाच्या न्यायालयात जी साक्ष पोहोचते, ती कागदावरूनच. वरच्या न्यायाधीशांनी साक्षीदाराला पाहिलेले नसते, त्याचा कापरा आवाज ऐकलेला नसतो. तेव्हा हा कागद कसा तयार होतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पाश्चात्त्य देशांत न्यायालयीन लघुलेखन हा स्वतंत्र आणि प्रतिष्ठित व्यवसाय मानला जातो. अमेरिकेत या व्यवसायाच्या मान्यताप्राप्त परीक्षेत साक्षीची प्रश्नोत्तरे मिनिटाला २२५ शब्दांच्या वेगाने टिपावी लागतात. काम एका दालनापुरतेही नसते. वकिलांच्या कचेरीत, रुग्णालयातील खाटेजवळ, दुसऱ्या गावी, जेथे साक्षीदार असेल तेथे लघुलेखकाला जावे लागते. या व्यवसायाने घडवलेला एक प्रवास मात्र आम्हांला विशेष स्मरणीय वाटतो.

व्हिव्हियन स्पिट्झ ही अमेरिकन तरुणी १९४६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, लघुलेखिका म्हणून जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे गेली. बाँबवर्षावाने शहराची राखरांगोळी झाली होती. नाझी राजवटीच्या बड्या धेंडांचा खटला नुकताच आटोपला होता आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी डॉक्टरांवरील खटला उभा राहिला. छळछावण्यांतील कैद्यांवर अमानुष प्रयोग केल्याचा आरोप २३ जणांवर होता. साक्षीदार जर्मन भाषेत बोलत, दुभाषी तत्क्षणी इंग्रजी करीत आणि ते ऐकून लघुलेखक लिहीत. बोलणाऱ्याचा वेग वाढला की पिवळा दिवा लागे, थांबावयाचे असले की तांबडा. लिहिणाऱ्या हातांना मात्र काय लिहावे लागत होते! बर्फासारख्या पाण्यात बुडवलेली माणसे, समुद्राचे पाणी पाजून तहानेने तडफडवलेली माणसे. ऐकून डोळ्यांत पाणी यावे, पण पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी लिहिता येत नाही.

जून १९४७ मध्ये एका रोमा जमातीच्या साक्षीदाराला, आपल्यावर प्रयोग करणारा डॉक्टर ओळखावयास सांगण्यात आले. तो जाग्यावरून धावला आणि थेट त्या आरोपीच्या अंगावर झेपावला. न्यायासनाने अवमानाबद्दल त्याला ९० दिवसांची शिक्षा दिली. नोंदीत शब्द राहिले; त्या झेपेमागची वेदना कोणत्या लघुलिपीत उतरणार? ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला. १६ जण दोषी ठरले आणि त्यांपैकी सात फाशी गेले. स्पिट्झबाई मायदेशी परतल्या, पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहात लघुलेखिका झाल्या. परंतु १९८७ साली, हा सारा नरसंहार थोतांड आहे, असे एका शिक्षकाने म्हटल्याचे त्यांच्या कानी आले. तेव्हा त्या गावोगावी फिरून आपण टिपलेल्या साक्षी लोकांना सांगू लागल्या. २००५ साली त्यांवर ग्रंथही लिहिला. ज्या पेशात स्वतःचे मत उच्चारावयाचे नसते, त्या पेशातील स्त्रीने चाळीस वर्षांनी मौन सोडले, ते केवळ लिहिलेले खोटे ठरू नये म्हणून.

शब्दशः नोंदीचे मोल आम्हां मराठी भाषकांना तरी वेगळे सांगावयास नको. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांनी स्वतःचा बचाव एकवीस तासांहून अधिक वेळ केला. 'केसरी'तील मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरे ज्यूरीपुढे होती आणि भाषांतराने मूळ अर्थ कसा बिघडतो, हा टिळकांच्या बचावाचा एक मोठा भाग होता. न. चिं. केळकरांनी त्या खटल्याचा शब्दशः वृत्तांत संपादून प्रसिद्ध केला, म्हणूनच तो बचाव आज आपल्याला वाचता येतो.

आता आपल्या घरची स्थिती पाहू. गोव्यात साक्षीदार कोंकणीत किंवा मराठीत बोलतो. न्यायाधीश ते ऐकून मनात इंग्रजी करतात आणि लघुलेखकाला सांगतात. प्रश्नोत्तरे गाळून सलग निवेदनाच्या रूपाने साक्ष लिहिण्याची पद्धत कायद्यालाही मान्य आहे. यात कोणाचा दोष नाही. खटल्यांचे ओझे पाहता न्यायाधीश आणि लघुलेखक दोघेही कष्टांची पराकाष्ठाच करतात. परंतु 'धक्का लागला' आणि 'धक्का मारला' यांत एका अक्षराचा नव्हे, एका आयुष्याचा फरक असतो. इंग्रजीत दोहोंसाठी घाईने एकच क्रियापद आले, तर अपघाताचा गुन्हा होतो. साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी असे कायदा सांगतो. पण सायंकाळी, थकल्या मनाने, परक्या भाषेतील तो कागद कितीजण समजून सही करीत असतील?

यंत्र हा यावर उपाय आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीच्या वेळी, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने युक्तिवादाचे शब्दांकन प्रथमच सुरू केले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण तेथे निष्णात वकील इंग्रजीत बोलत होते. काणकोणच्या शेतकऱ्याची कोंकणी, मध्येच हुंदका, मध्येच वकिलाचा आक्षेप, हे सारे यंत्राला तितक्याच सहजतेने उमजेल असे मानणे धाडसाचे ठरेल.

साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला, तर शक्य असल्यास त्याच भाषेत त्याची साक्ष लिहिता येते. ही तरतूद जुन्या संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तिचा उपयोग व्हावयाचा, तर कोंकणी आणि मराठी लघुलेखनात तरबेज माणसे हवीत, त्यांना योग्य वेतन हवे आणि दर साक्षीचे ध्वनिमुद्रण पडताळ्यासाठी जपून ठेवावयास हवे. खर्च होईल हे खरे. परंतु ज्या माणसाच्या शब्दावर दुसऱ्याचे स्वातंत्र्य तोलले जाते, त्याचा शब्द जसाच्या तसा पोहोचविणे हे न्यायाचे पहिले कर्तव्य आहे. न्यायासनापाशी खाली मान घालून बसलेल्या त्या लेखणीकडे शासनाने आणि न्यायसंस्थेने एकदा तरी मान वळवून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.