ब्लॉकमधून गाठ वाढत नाही

घर जयपूरच्या खातीपुऱ्यातलं असो की लातूरचं, ग्लिओब्लास्टोमाचा, म्हणजे मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीचा, रिपोर्ट हाती आला की नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ प्रयोगशाळेत वाढवून, तिच्यावर औषधं वापरून, कोणतं लागू पडेल ते आधीच कळेल का? प्रश्न शहाणपणाचा आहे. त्याभोवती जमलेले समज मात्र रुग्णाचा वेळ आणि पैसा दोन्ही घालवू शकतात.

‘ब्लॉक मुंबईला पाठवला की तिथे पेशी वाढवतील.’
ब्लॉकमधल्या पेशी मेलेल्या असतात. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवलेला असतो. त्यावरून स्लाइड्स पुन्हा तपासता येतात, जनुकांच्या चाचण्याही होतात, पण त्यातली एकही पेशी पुन्हा वाढणार नाही. वाढवायला ताजा तुकडा लागतो. तो ऑपरेशन थिएटरमधूनच थंड पोषक द्रवात घालून काही तासांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. म्हणजे ही सोय ऑपरेशनच्या आधीच ठरवावी लागते.

‘बशीतल्या पेशी म्हणजे हुबेहूब आपल्या रुग्णाची गाठ.’
इथे पुण्याचंच उदाहरण बघण्यासारखं आहे. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी एकाच गाठीपासून एचएनजीसी-१ आणि एचएनजीसी-२ अशा दोन पेशीमालिका तयार केल्या आणि २००३ साली ते काम प्रसिद्ध केलं. पहिली संथ वाढणारी, दुसरी अतिशय आक्रमक. कर्करोग पुढच्या पायरीवर कसा जातो, हे अभ्यासायला ही जोडी मोलाची ठरली. पण एका गाठीतून इतक्या वेगळ्या वागणुकीच्या पेशी मिळत असतील, तर बशीत टिकलेल्या पेशींवरून अख्ख्या गाठीचा निकाल कसा लावणार? शिवाय बशीत रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर नसतो. बशीत पेशी मारणारं औषध रुग्णाच्या मेंदूत पुरेसं पोचेलच असं नाही.

यातली विविधतेची उणीव थोडी भरून काढतात ती ऑर्गनॉइड्स. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने २०२० साली दाखवलं, की गाठीच्या पेशी सुट्या न करता तिचे छोटे तुकडेच वाढवले तर एक-दोन आठवड्यांत गोळे तयार होतात आणि मूळ गाठीतली पेशींची विविधता त्यांत बरीच टिकते. मला यातली आशा खरी वाटते. तरी रुग्णाच्या शरीरातलं रक्ताभिसरण आणि संपूर्ण प्रतिकारशक्ती त्या गोळ्यांत येत नाही.

‘पेशींवरच्या औषधांच्या रिपोर्टसाठी रेडिएशन थांबवलेलं बरं.’
नाही. प्रौढांमध्ये सहसा ऑपरेशननंतर काही आठवड्यांत रेडिएशन सुरू होतं. ते साधारण सहा आठवडे चालतं, सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या असतात. २००५ सालच्या मोठ्या चाचणीत या जोडीमुळे आयुष्याचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. आकडा छोटा दिसतो, पण ज्यांच्या गाठीत एमजीएमटी जनुकाचा प्रवर्तक भाग मिथिलीकरणाने बंद होता, त्यांच्यात तो १५.३ महिन्यांवरून २१.७ महिन्यांवर गेला. एमजीएमटी हे प्रथिन टेमोझोलोमाइडने केलेलं डीएनएचं नुकसान दुरुस्त करतं, म्हणून ते बंद असेल तर औषधाला जास्त वाव मिळतो. एमजीएमटीची आणि आयडीएच जनुकाची चाचणी ब्लॉकवर होते. त्यांचे निकाल आजही निदानात आणि उपचाराच्या निर्णयात उपयोगी पडतात. आधी त्या झाल्यात का, ते डॉक्टरांना विचारावं.

‘पैसे भरले की औषध ठरवून देणारी टेस्ट मिळते.’
अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०११ साली सर्वच कर्करोगांसाठी स्पष्ट सांगितलं होतं, की पेशींवर औषध वापरून केलेल्या अशा टेस्टवरून केमोथेरपीचं औषध निवडण्याची शिफारस क्लिनिकल ट्रायलबाहेर करता येत नाही. अशा ट्रायलमध्ये सहभागी व्हायचं असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतिपत्र मागावं.

‘संशोधनाला तुकडा दिला तर रुग्णाचं नुकसान होईल.’
उपचारासाठी काढलेल्या गाठीचाच, निदानासाठी लागणारा भाग ठेवून उरलेला भाग संशोधनाला दिला जातो. नकार दिला तरी उपचारात फरक पडता कामा नये. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संशोधन संस्थेत डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने रुग्णांच्या नमुन्यांवरही काम करून २०१५ साली दाखवलं, की रेडिएशनमधून वाचलेल्या काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी बनतात आणि त्यांतून गाठ पुन्हा उभी राहते. गाठ परत का येते, याचा हा धागा कुटुंबांनी दिलेल्या अशा तुकड्यांमुळेही हाती आला.