मराठवाड्यात जंगल नाही, मग वनकौशल्य कशाला?

छत्रपती संभाजीनगरात शिकून घरी बसलेल्या मुलाला वनकामाचं प्रशिक्षण घे म्हटलं, की हाच प्रश्न येतो. त्यामागचे गैरसमज दूर करायलाच हवेत, कारण त्यापायी हाताशी असलेलं काम निसटतं.

गैरसमज : जंगल नाही, म्हणून कामही नाही.
कन्नडचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ पासून आहे आणि सुमारे २६० चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. वणवा रोखणाऱ्या जाळरेषा तिथे दरवर्षी काढाव्या लागतात. बाकीचे डोंगर बोडके आहेत हे खरं, पण बोडक्या डोंगरावरच काम जास्त निघतं. २०१९ साली राज्यानं एकाच पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. झाड लावणं एका दिवसाचं काम. ते तीन उन्हाळे जगवायला जाणती माणसं लागतात.

गैरसमज : खड्डे खणायला शिकायचं काय?
मला सर्वांत जास्त खटकतो तो हा गैरसमज. रोपवाटिकेत जाऊन पाहा. निंबोळीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते. म्हणून पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन, बी सावलीत सुकवून लगेच पेरावं लागतं. बाभळीचं उलट. तिचं बी वर्षानुवर्षं टिकतं, पण कवच इतकं टणक की गरम पाण्यात भिजवल्याशिवाय नीट उगवत नाही. पिशवीत रोप जास्त दिवस राहिलं तर सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं आणि असं रोप लावल्यावरही नीट धरत नाही.

उतारावरच्या समतल चराचंही तसंच. दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि ओळंबा एवढ्यावर समपातळी रेषा आखता येते. पण रेषा जराशी कलली, तरी पाणी एका टोकाला धावतं, बांध फुटतो आणि माती ओढ्यात जाते. हे डोळ्याचं आणि हाताचं शिक्षण आहे.

गैरसमज : वनप्रशिक्षण म्हणजे वनरक्षक भरती.
ती स्पर्धा परीक्षा आहे, तिच्यात धावण्याची चाचणीही असते आणि जागा मोजक्याच. कौशल्याची वाट निराळी आहे : खाजगी रोपवाटिका, फळझाडांची कलमं, शहरातल्या झाडांची शास्त्रशुद्ध छाटणी, बांबूकाम. पन्नास वर्षांवरच्या झाडांना वृक्ष संरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं राज्याच्या शहरी भागात वारसा वृक्षाचं संरक्षण मिळालं. अशा झाडाला कोयता चालवणारा नव्हे, झाड कळणारा माणूस हवा.

गैरसमज : बांबू तोडायला वनखात्याचा परवाना लागतो.
वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू २०१७ मध्येच भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. तोडणी, प्रक्रिया आणि वस्तू बनवणं शिकायचं असेल, तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

गैरसमज : प्रमाणपत्र मिळालं की नोकरी पक्की.
तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. केंद्रानं २०१७ मध्ये सुरू केलेल्या हरित कौशल्य विकास कार्यक्रमातलं प्रमाणपत्रही ओळखपत्रापुरतंच. काम मिळतं ते हातातल्या कसबावर. म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारा : प्रत्यक्ष रानात किती दिवस? शिकताना मजुरी आणि अपघात विमा आहे का? आधीच्या तुकडीतली मुलं आज कुठे काम करतात? या प्रश्नांची सरळ उत्तरं न देणाऱ्या संस्थेत पैसे भरू नका.