मनाचा पुरावा: नेवासे, किल्ला आणि राहुरी

आपल्या महाविद्यालयांत मानसशास्त्राच्या संप्रदायांचा इतिहास लाइपझिगपासून सुरू होतो. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी तिथे प्रयोगशाळा काढली आणि तयार केलेल्या निरीक्षकांना स्वतःच्या संवेदना न्याहाळायला बसवले. मग जेम्स, फ्रॉइड, वॉटसन ही नावे परीक्षेपुरती पाठ होतात. ही मंडळी ज्यावर भांडली तो प्रश्न मात्र मागे राहतो: मनाविषयी बोलताना पुरावा कशाला म्हणायचे? हा प्रश्न नगर जिल्ह्यातही विचारला गेला आहे, आणि तो फार कसून विचारला गेला आहे.

शके १२१२, म्हणजे १२९०. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणे वारा आवरण्याइतके अवघड आहे. गीतेचे उत्तर अभ्यास आणि वैराग्य एवढेच आहे. ज्ञानेश्वर त्यात स्वतःची मोलाची भर घालतात. मन जिथे गोडी चाखते तिथे सोकावते, हा त्याचा एक चांगला गुणच आहे. म्हणून त्याला मारून मुटकून बसवू नये, आत्मसुखाची चव दाखवत जावे. १८९८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेली मांजरे पेटीत कोंडली. कडी उघडली की बाहेर खाऊ मिळे, आणि दर खेपेला सुटकेचा वेळ घटत जाई. समाधान देणारी कृती पक्की होते, हा त्यांचा ‘परिणामाचा नियम’. पुढचा वर्तनवाद त्यावर उभा राहिला. दोन्हींत साम्य आहे, पण ज्ञानेश्वरांना वर्तनवाद आधीच ठाऊक होता असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. थॉर्नडाइक यांचे घड्याळ कुणीही तपासू शकतो. ज्ञानेश्वरांच्या म्हणण्याचा पडताळा ज्याचा त्याने स्वतःच्या मनावर घ्यायचा असतो.

असा आतला पडताळा कितपत टिकतो, हे नगरच्या भुईकोट किल्ल्यात एक कैदी वर्षानुवर्षे वाचत होता. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले गेले. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याच बराकीतले दम्याने बेजार असलेले आचार्य नरेंद्र देव बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’वर काम करत होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. संस्कृत, पाली आणि फ्रेंच त्यांना येत होते. बेल्जियन पंडित लुई द ला व्हाले पुसँ यांच्या फ्रेंच भाषांतरावरून ते हा ग्रंथ हिंदीत आणत होते.

माझ्या मते मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा ग्रंथ एकदा तरी हाताळावा. त्यात आत्मा नाही. एकूण ७५ धर्म, म्हणजे मूळ घटक आहेत, आणि त्यांतले जवळजवळ सगळे क्षणाक्षणाला उपजणारे आणि विरणारे. त्यांतले ४६ चित्ताचे सोबती, म्हणजे चैतसिके. वेदना, संज्ञा, स्मृती, मनस्कार असे १० प्रत्येक क्षणी हजर असतात. बाकीचे कुशल, क्लेशकारक किंवा अनियत. शिवाय वसुबंधू कारिकांमध्ये काश्मीरच्या वैभाषिकांचे मत मांडतो आणि स्वतःच्याच भाष्यात सौत्रांतिकांच्या बाजूने त्याच मताला धक्के देतो. एकाच जिल्दीत दोन संप्रदायांचा वाद!

पण मोजणी जुळत नाही. थेरवादी परंपरा चैतसिके ५२ मानते, योगाचारी ५१. सगळेच आत पाहणारे, सगळेच कसलेले. वुंट यांचे शिष्य टिचनर यांच्या वाट्यालाही हेच आले. १८९६ च्या पुस्तकात त्यांनी चव्वेचाळीस हजारांहून अधिक मूळ संवेदना मोजल्या. त्यानंतर प्रतिमेविना विचार होतो की नाही यावर त्यांचे आणि जर्मनीतल्या वुर्त्सबर्गच्या मंडळींचे जुंपले. निवाडा करणारे कुणीच नव्हते, कारण प्रत्येकाचा साक्षीदार त्याच्या डोक्यात होता. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी साक्षीदारच बाद केला: दिसते ते वर्तन, तेवढेच शास्त्र.

दिसते तेवढ्यावर थांबले तर काय होते? १९३६ मध्ये आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला. ते त्यांना स्वतःच्या हाताने आंघोळ घालत, भरवत, कपडे चढवत. त्यांचा दावा असा की फाटक्या कपड्यांत रस्त्यावर बडबडणारे दोघे सारखेच दिसले, तरी एक आजारी असतो आणि दुसरा ‘मस्त’, म्हणजे ईश्वराच्या ओढीने भान हरपलेला. विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरने १९४८ च्या ‘द वेफेअरर्स’ या ग्रंथात अशा मस्तांच्या भेटींची गावोगावची नोंद केली. निदान मात्र एकाच माणसाच्या दृष्टीवर टेकलेले आहे, आणि शास्त्र म्हणून मला ते मान्य करता येत नाही. पण त्याच काळात लिस्बनमध्ये एगास मोनिझ रुग्णांच्या कवटीला भोके पाडून मेंदूतले तंतू तोडवून घेत होते. रुग्ण शांत झाला की सुधारला, हा त्यांचा पुरावा. तो बाहेरचा होता, कुणालाही दिसणारा होता, आणि त्यावर १९४९ मध्ये नोबेलही मिळाले. त्या शांततेत माणसाचे काय हरवले, हे रुग्णालाच विचारायला हवे होते.

मानसशास्त्राला अखेर त्या आतल्या साक्षीकडे वळावे लागले. १९५० नंतर स्मृती, अवधान, विचार हे विषय बोधनिक संप्रदायाच्या रूपाने प्रयोगशाळेत परतले. या खेपेला आतली साक्ष आणि बाहेरचे मोजमाप एकमेकांवर ताडून पाहिले जाऊ लागले. नरेंद्र देव १९५६ मध्ये वारले. त्यांच्या ‘बौद्ध धर्म दर्शन’ला १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि किल्ल्यातला ‘अभिधर्मकोश’ १९५८ मध्ये अलाहाबादहून छापून निघाला.

१९५२ पासून मनोविकारांवर औषधेही आली. आज नगरजवळ शिंगवे येथे माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना, कित्येकींना त्यांच्या मुलांसह, सांभाळते. तिथे मानसोपचारांची औषधे आहेत, आणि राहुरीला होती तशी हाताने घातलेली आंघोळही आहे.