पाडण्यासाठी लिहिलेलं, जपण्यासाठी छापलेलं

ठाणे, नाशिक, कुलाबा या भागांतले आडवाटेचे गड पाहणाऱ्या भटक्यांच्या हातात एक मजकूर हमखास सापडतो. कधी झेरॉक्स, कधी मोबाइलवरचं पान. ‘बॉम्बे गॅझेटियर’च्या जिल्हाखंडातली ती पानं असतात. गडाची उंची, वाट कुठून चढते, दरवाजे किती, पाण्याची टाकी कुठे, तट कुठे ढासळलाय, एवढं सगळं दोन परिच्छेदांत बसवलेलं. वाचणाऱ्याला वाटतं, एखाद्या इतिहासप्रेमी साहेबाने हौसेने लिहिलं असेल. पण तळटीप पाहिली की वेगळंच कळतं. ठाण्याच्या खंडात पुन्हा पुन्हा येणारं नाव कॅप्टन डिकिन्सनचं, साल 1818. नाशिकच्या खंडात कॅप्टन ब्रिग्ज, साल तेच. पेशवाई नुकतीच संपली होती. कुठला गड ठेवायचा, कुठल्या गडाच्या पायऱ्या सुरुंगाने उडवायच्या, कुठली टाकी निकामी करायची, हे ठरवण्यासाठी ही पाहणी झाली. पाणी मोजलं ते शिबंदी किती दिवस तग धरेल याचा अंदाज बांधण्यासाठी. वाटा लिहून ठेवल्या त्या बंद करता याव्यात म्हणून.

आज तीच पानं घेऊन तरुणांची पथकं गाळाने भरलेली टाकी शोधतात, बुजलेला दरवाजा मोकळा करतात. जुनी लष्करी आणि सरकारी कागदपत्रं पुन्हा छापण्याच्या उद्योगाचं मोल मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. ज्या हेतूने कागद लिहिला गेला तो हेतू कधीच मेला. पण हेतू पक्का होता म्हणूनच निरीक्षण काटेकोर झालं. गड पाडायला निघालेल्या माणसाला चुकून चालत नव्हतं.

या गॅझेटियरांचा पसारा मोठा आहे. जेम्स कॅम्बेल या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली 1870च्या दशकात काम सुरू झालं. रत्नागिरी आणि खानदेशाचे खंड 1880 साली निघाले, ठाण्याचा 1882 साली, पुण्याचा तीन भागांतला खंड 1885 साली. कलेक्टर, मामलेदार, अभियंते, मिशनरी, पंडित यांच्याकडून माहिती मागवून ती एका साच्यात ओतली गेली. भगवानलाल इंद्रजींसारखा विद्वान त्यात होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ त्यातल्याच एका भागात आला. पुण्याच्या खंडात तर जातीजातीगणिक घरातली भांडीकुंडी, महिन्याचा खाण्याचा खर्च, लग्नाचा खर्चसुद्धा नोंदलेला आहे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने नव्या काळाचे जिल्हाखंड तयार केलेच, पण जुने खंडही जसेच्या तसे पुन्हा छापले.

‘जसेच्या तसे’ यातच पुनर्मुद्रणाचा सगळा कस आहे. पुस्तक दोन तऱ्हांनी पुन्हा छापता येतं. एक, मूळ पानाचं छायाचित्र घेऊन तेच पान उमटवायचं. दुसरी, मजकूर नव्याने जुळवायचा. नव्याने जुळवलेला मजकूर डोळ्यांना सुखाचा असतो, पण अभ्यासकाच्या दृष्टीने त्यात बरंच हरवतं. सर्वांत आधी जातो पृष्ठक्रमांक. शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्या खंडाचा हवाला दिला, त्यांची पानं आता जुळत नाहीत. मग जातात समासातली टिपणं, तळटिपा, शेवटी जोडलेलं शुद्धिपत्र. अलीकडे यंत्राने चित्र वाचून अक्षरं काढतात. त्यात गावांच्या नावांची जी मोडतोड होते ती दुरुस्त करायला तो तालुका पायाखालून गेलेला माणूसच लागतो. पुस्तक आधीच इंग्रज कानांनी ऐकलेल्या नावांनी भरलेलं असतं. त्यावर यंत्राची चूक चढली, की गाव नकाशावरून पुसलं गेल्यातच जमा.

नकाशे हा तर दुखरा विषय. लष्करी पुस्तकाचा अर्धा प्राण त्याच्या घडीच्या नकाशात असतो. मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर याने 1817 ते 1819च्या मराठा युद्धावर 1821 साली लंडनमध्ये जाडजूड ग्रंथ छापला. तो मोहिमेचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा ग्रंथ आहे. कुठली तुकडी कोणत्या दिवशी कुठे होती, हे तो नकाशे-आराखड्यांसह सांगतो. असे ग्रंथ ग्रंथालयांत घाईघाईने स्कॅन झाले तेव्हा घडीचे नकाशे अनेकदा उलगडलेच गेले नाहीत. चित्रात दिसते ती दुमडलेल्या कागदाची पाठ. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारे व्यवसाय आता खूप झालेत, आणि त्यांतले काही तीच पाठ निर्धास्तपणे छापून प्रत विकतात. अशी प्रत हाती आली की संताप येतो. लढाईचं वर्णन आहे, पण नदी कुठे आणि टेकडी कुठे हे कळायला मार्ग नाही. म्हणून पुनर्मुद्रित लष्करी पुस्तक घेणाऱ्याने पहिल्यांदा नकाशांची यादी काढावी आणि एकेक नकाशा जागेवर आहे का ते पाहावं. मुखपृष्ठ नंतर.

मराठी माणसाने आवर्जून वाचावी अशी एक लष्करी पुस्तिका आहे. 1908 साली कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून निघालेली, मेजर आर. एम. बेथम यांनी तयार केलेली, मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची. हिंदुस्थानी फौजेसाठी अशा पुस्तिकांची मालिकाच होती. शीख, रजपूत, गुरखे, डोगरे, पठाण, जाट, प्रत्येकावर एक. भरतीवर जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याने ती बरोबर ठेवायची. त्या समाजाचा इतिहास, कुळं, सणवार, चालीरीती आणि भरतीला माणसं कुठल्या मुलखात मिळतील, हे सगळं एका जागी. दिल्लीच्या एशियन एज्युकेशनल सर्व्हिसेसने नव्वदच्या दशकात बेथमची पुस्तिका पुन्हा छापली, आणि आपल्या आडनावाचा शोध घेणारे कितीतरी लोक तिच्याकडे वळले.

तिथे सावध राहायला हवं. ही पुस्तिका आपली कुळकथा सांगायला लिहिलेली नाही. अमुक जात लढाऊ, तमुक नाही, हा त्या काळच्या फौजेचा सिद्धान्त तिच्या पाठीशी आहे. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना तो बळावला आणि भरतीचा ओघ उत्तरेकडे वळला. याच काळात महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या 1818च्या लढाईत लढलेल्या आणि मुंबईच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेल्या माणसांना दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. बेथमची पुस्तिका या दोन तारखांच्या दरम्यान आलेली आहे. कोणाचं नाव मुखपृष्ठावर आहे आणि कोणाचं नाही, हे त्या अर्जांच्या शेजारी ठेवून पाहिलं की धोरणाचा चेहरा उघडा पडतो. म्हणूनच अशा पुस्तकातलं एकही आक्षेपार्ह वाक्य पुनर्मुद्रणात गाळू नये असं मी ठामपणे म्हणतो. गाळलं तर पुराव्यालाच हात लागतो. मात्र जाणकाराची प्रस्तावना हवी, आणि अनेक पुनर्मुद्रणांत नेमकी तीच नसते.

ज्या गावांतून ही भरती झाली तिथल्या जवानांची पुढची वाट दुसऱ्या सरकारी कागदांत सापडते. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कूत-अल-अमारा इथे डिसेंबर 1915 पासून ती वेढली गेली आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण आली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. या मोहिमेचा ब्रिटिश सरकारी इतिहास एफ. जे. मोबर्ली यांनी चार खंडांत लिहिला. संयत भाषा, तारखा, तुकड्या, नकाशे. पण त्याच्या शेजारी 1917चा मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल वाचावा. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नेलं, टायग्रिसवर पुरेशा बोटी नव्हत्या, मेजर कार्टर या डॉक्टरने बसऱ्याला येऊन लागलेल्या बोटीवरच्या जखमींची दैना आयोगासमोर सांगितली. हिंदुस्थान सरकारच्या काटकसरीवर आयोगाने कडक ताशेरे ओढले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. भरतीची पुस्तिका, मोहिमेचा इतिहास आणि चौकशीचा अहवाल हे तीन कागद एकत्र वाचले, तर सातारा-रत्नागिरीतून गेलेल्या शिपायाचं काय झालं ते कळतं. एकट्या कागदातून ते कळत नाही.

परदेशात अशा पुनर्मुद्रणांना मोठा वाचक आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर देशांतर्गत स्वामित्वहक्क लागूच होत नाही, त्यामुळे तिथली युद्धकालीन मॅन्युअलं कोणीही छापू शकतो. जर्मन सैन्यावरचं मार्च 1945चं अमेरिकन मॅन्युअल लुइझियानाच्या विद्यापीठ प्रकाशनाने 1990 साली काढलं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने 1942 सालची, ब्रिटनमध्ये येणाऱ्या अमेरिकन शिपायांसाठीची छोटी सूचनापुस्तिका पुन्हा छापली आणि ती भेट म्हणून देण्याइतकी लोकप्रिय झाली. इंग्लंडच्या नेव्हल अँड मिलिटरी प्रेससारख्या संस्था तर असल्याच पुस्तकांवर उभ्या आहेत. आपल्याकडे 1957च्या कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनावर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे इंग्रजी अमदानीतलं जवळपास सगळं मोकळं आहे.

आता हे काम मराठीत कोणीतरी अंगावर घ्यायला हवं. जुलै 2025 मध्ये साल्हेर, शिवनेरी, रायगड, सिंधुदुर्ग यांसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यांच्या आणि यादीत नसलेल्या शेकडो गडांच्या डागडुजीला 1818च्या पाहण्यांसारखा आधार दुसरा नाही. गॅझेटियरमध्ये त्यांचे उतारे आहेत. मूळ अहवाल पूर्ण, नकाशे उलगडून, मूळ पृष्ठक्रमांक राखून, समोरच्या पानावर मराठी भाषांतर आणि गावांची आजची नावं देऊन छापले, तर गडाखालच्या गावातल्या संवर्धन समितीला ते थेट वापरता येतील. दोन-तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करता येईल. ठाणे आणि नाशिक आधी घ्यावेत. तिथल्या टाक्यांतला गाळ काढायचं काम दर उन्हाळ्यात चालू असतं.