प्लास्टरच्या आतला धूर

नडगीचं हाड तसं हट्टीच. वर मांसाचं आवरण कमी आणि रक्तपुरवठाही बेताचा. ते मोडून कातडीबाहेर आलं, तर जुळायला कित्येक महिने लागतात. त्यात सिगारेटची भर पडली की काम आणखी रखडतं.

अमेरिकेत अशा 268 रुग्णांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांत हाड जुळण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा 37 टक्क्यांनी कमी, तर जंतुसंसर्गाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

कारण रक्तात आहे. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा बळकावतो. मोडलेल्या टोकांमध्ये नवं हाड विणणाऱ्या पेशी मग उपाशी राहतात.

व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, काहीच जळत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा त्रास जवळपास टळतो. निकोटिन मात्र बहुतेकदा असतंच. भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर 2019 पासून बंदी आहे, पण तंबाखूची पुडी कोपऱ्यावर मिळते आणि निकोटिन तिच्यातही आहे. ‘मी ओढत नाही, फक्त मळतो’ ही सबब हाडाला पटत नाही.

स्वीडनमध्ये अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे धूम्रपान सोडायला मदत मिळालेल्यांपैकी 20 टक्क्यांना गुंतागुंत झाली. मदत न मिळालेल्यांत हे प्रमाण 38 टक्के होतं.